अंतरित उजळणीच्या वेळापत्रकाचे समायोजन

अंतरित उजळणीच्या वेळापत्रकाचे समायोजन म्हणजे फ्लॅशकार्डांच्या आज्ञावलीत एखादे कार्ड पुन्हा केव्हा दाखवायचे हे ठरवणारे आकडे अभ्यासकाच्या नोंदींवरून नव्याने काढणे होय. साधारणतः महिन्यातून एकदा हे समायोजन पुरेसे असते.

पार्श्वभूमी

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी विस्मरणावरील आपले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. पोलंडचे पिओत्र वोज्नियाक यांनी १९८७ मध्ये एसएम-२ ही गणनपद्धती तयार केली. डेमियन एल्म्स यांच्या अँकी (२००६) या आज्ञावलीने तिचेच सुधारित रूप स्वीकारले. त्यात अंतराचे गुणक हाताने बदलावे लागत. २०२३ पासून अँकीत एफएसआरएस ही पद्धतीही उपलब्ध आहे. अभ्यासकाने सूचना दिल्यावर ती हे आकडे, म्हणजे प्राचले, मागील उत्तरांवरून स्वतः काढते.

वारंवारता

प्राचले संपूर्ण इतिहासावरून निघतात. ६,००० नोंदींच्या संचात रोज ५० नोंदींची भर पडत असेल, तर एका दिवसात माहिती एक टक्क्याहूनही कमी वाढते. महिन्याभरात मात्र ती चौथाईने वाढते. म्हणून दररोजच्या समायोजनाने हाती विशेष काही लागत नाही. संच नवा असल्यास प्रारंभी मूळ प्राचलेच ठेवणे सोयीचे ठरते.

इष्ट स्मरणप्रमाण

कार्ड समोर येईल तेव्हा ते आठवण्याची शक्यता किती असावी, हे अभ्यासक स्वतः ठरवतो. अँकीत हे प्रमाण मुळात ९० टक्के असते. ते ९५ टक्के केल्यास दोन उजळण्यांमधील अंतर निम्म्याहूनही कमी होते आणि रोजचा भार वाढतो. त्यामुळे हा आकडा वारंवार बदलू नये.

उदाहरण

भिगवण (ता. इंदापूर, जि. पुणे) येथे उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित, चक्रवाक इत्यादी पक्षी येतात. पक्षी ओळखण्यासाठी केलेल्या संचाची उजळणी पावसाळ्यात थांबली, तर हंगामाच्या तोंडावर अनेक कार्डे थकलेली दिसतात. अशा वेळी आधी थकबाकी संपवून मगच समायोजन करणे उचित. एफएसआरएस प्रत्यक्ष लोटलेले दिवस मोजते, त्यामुळे या खंडामुळे नोंदी निरुपयोगी होत नाहीत. छायाचित्रावरून ओळख आणि आवाजावरून ओळख यांची काठिण्यपातळी भिन्न असल्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र प्राचले ठेवता येतात.

मर्यादा

समायोजनाची गुणवत्ता उत्तरांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असते. चित्रबलाकाला मुग्धबलाक म्हटल्यावर ‘पुन्हा’ऐवजी ‘अवघड’ हे बटण दाबले, तर आज्ञावली ते उत्तर आठवले असे धरते आणि अंतरे अवाजवी लांबतात. हा दोष कितीही वेळा समायोजन केले तरी दूर होत नाही. त्यासाठी उत्तर नोंदवण्याची सवयच बदलावी लागते.