नळदुर्गचा रस्ता आणि डॉजची अडकलेली झडप

१३ सप्टेंबर १९४८. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली भारतीय सैन्याची मुख्य फौज सोलापूरहून हैदराबादकडे निघाली. पहिली लढाई नळदुर्गला झाली. तिथला बोरी नदीवरचा पूल सातव्या ब्रिगेडने शाबूत ताब्यात घेतला आणि पुढची वाट मोकळी झाली. १७ तारखेला निजामाने युद्ध थांबवल्याचं जाहीर केलं, १८ ला त्याच्या सैन्याने शरणागती दिली.

आपल्याला रणगाडे आठवतात, सरदार पटेल आठवतात. ठीकच आहे. पण रणगाड्यामागून पेट्रोल, दारूगोळा, शिधा कोण नेतं? ट्रक! त्या वेळी सैन्याच्या ताफ्यात महायुद्धातून उरलेल्या गाड्या भरपूर होत्या. त्याच पिढीतला एक डॉज आमच्या एका मित्राच्या शेडमध्ये आहे. तो या मोहिमेत होता असा माझा दावा नाही. पण त्याच्या इंजिनात शिरलं की तो काळ हाताला लागतो.

या पेट्रोल इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये एक छोटी झडप असते. इंजिन गार असताना ती गरम धूर इनटेक मॅनिफोल्डच्या तळाकडे वळवते, म्हणजे थंडीत पेट्रोलची नीट वाफ होते. इंजिन तापलं की दोन धातूंची गुंडाळलेली स्प्रिंग ढिली पडते आणि झडप धुराला सरळ सायलेन्सरकडे सोडते. ना वायर, ना सेन्सर.

आता सोलापूरचा उन्हाळा बघा, चाळिशीच्या वर. झडप गंजून, काजळी धरून बंद स्थितीत अडकली की इनटेक नको तितका तापतो, चढाला गाडी दम तोडते. मित्राच्या डॉजचं हेच झालं होतं. बरेच जण वेल्डिंग मारून झडप कायमची उघडी ठेवतात. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी नकार दिला. "घाई करू नका मालक, बीड हाय ते, तडकंल."

त्यांनी इंजिन गार असताना दांड्याच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल दिलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी पितळी हातोडीने दांडा हलकेच, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून ठोकला. पिळला अजिबात नाही, कारण पिळला की दांडा तुटतो. पुन्हा तेल, पुन्हा ठोकणं. वर कार्बोरेटर, म्हणून आगीची बत्ती जवळ आणू दिली नाही. तिसऱ्या दिवशी झडप केसभर हलली, मग बोटाने फिरू लागली. शेवटी ग्राफाइटचं वंगण, कारण साधं तेल तिथे जळून पुन्हा काजळीच होतं.

हे सगळं का लिहितोय? २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकी गाड्यांसाठी वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी आणली. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. नियम चांगला आहे. पण मूळ रूप टिकवणारे हात कुठून आणायचे? नव्या पोरांनी कार्बोरेटर उघडलेला नसतो. आयटीआयमध्ये अशा मिस्त्रींना महिन्यातून दोन दिवस बोलावून मानधन द्यायला किती खर्च येईल?

दुसरी मागणी. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात ध्वजवंदन होतं. त्या दिवशी सोलापूर ते नळदुर्ग अशा दोन-चार जुन्या गाड्या चालत जाऊ द्या. चौथऱ्यावर रंग मारून उभी केलेली गाडी म्हणजे पुतळा. चालणारी गाडी पोरांना प्रश्न विचारायला लावते. आणि प्रश्न आले की सगळं सांगावं: रझाकारांचे अत्याचार, स्वातंत्र्यसैनिकांचा लढा, तसंच कारवाईनंतर निरपराध मुसलमानांचे गेलेले जीव, ज्यांची नोंद सुंदरलाल समितीने केली.

जिल्हा प्रशासनातलं कुणी वाचत असेल तर एवढं मनावर घ्या. आणि तुमच्या ओळखीत असा जुना मिस्त्री असेल, तर या दिवाळीआधी त्याच्याकडे एखादा शिकाऊ पोरगा धाडा.