पायाखालची जमीन आणि गिटारचा आवाज

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही श्रोत्यांच्या मुद्रेवर स्मित उमटले, ते आम्ही पाहिले. इतिहास म्हटला की राजे, तह आणि लढाया ऐकावयाची आपल्याला सवय. फरशीचा इतिहास तो काय, आणि तोही विजेच्या गिटारच्या निमित्ताने! श्रोत्यांचा यात दोष नाही. आम्हालाही हा विषय सुचला तो एका शेजारधर्माच्या प्रसंगातून.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातील एक तरुण विजेची गिटार वाजवितो. घरच्या घरी ध्वनिमुद्रण करावे म्हणून त्याने पैसे साठवून मायक्रोफोन घेतला, अॅम्प्लिफायर जमिनीवर ठेवला, दोन हात अंतरावर मायक्रोफोन मांडला आणि वाजविले. मुद्रित झालेले ऐकून बिचारा हिरमुसला. खोलीत भरदार वाटणारा आवाज यंत्रातून पोकळ, डब्यात कोंडल्यासारखा येत होता. त्याने दुसरा मायक्रोफोन मागून आणला. फरक पडला नाही. मग आईने सतरंजी अंथरून दिली. आवाजाची धार तेवढी गेली. घुमणे होते तसेच राहिले.

याची मीमांसा करावयाची तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. 1895 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधून झाले आणि त्यात वक्त्याचे बोलणेच कोणाला कळेना. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राही. तोवर पुढचे डझनभर शब्द त्यावर येऊन आदळत. विद्यापीठाने हे दुखणे वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण अध्यापकाकडे सोपविले. सॅबिन यांनी काय करावे? जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणावयाच्या, व्याख्यानगृहात मांडावयाच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून आवाज किती वेळ टिकतो ते मोजावयाचे आणि सकाळ होण्यापूर्वी गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवावयाच्या. सगळ्या गाद्या मांडल्यावर साडेपाच सेकंदांचे सव्वा सेकंदही उरले नाही. कोणता पदार्थ किती आवाज पितो हे त्यांनी उघड्या खिडकीशी तुलना करून ठरविले, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. माणूस किती आवाज पितो, हेही त्यांनी मोजले. आज या मंडपात दाटीने बसलेले आपण सर्वजण आमच्या आवाजाचा केवढा भाग गिळीत आहात, याचा हिशेब मांडता येतो तो या गृहस्थांमुळे!

त्याच हिशेबाने सतरंजीचे कोडे सुटते. काँक्रीटवर अंथरलेला जाड गालिचा उंच स्वरांचा, म्हणजे सेकंदाला दोन हजार कंपनांच्या आवाजाचा, निम्म्याहून अधिक भाग पिऊन टाकतो. परंतु सव्वाशे कंपनांच्या खर्जाचा जेमतेम दोन टक्के. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला 82. त्या लहरीची लांबी चार मीटरहून अधिक! बोटभर जाडीच्या गालिच्याला ती दादच देत नाही. म्हणून धार गेली आणि घुमणे राहिले.

पोकळपणाचे कारण निराळे आहे. अॅम्प्लिफायरचा कर्णा जमिनीपासून तीस सेंटिमीटर उंच आणि मायक्रोफोन तेवढ्याच उंचीवर मीटरभर दूर, असे धरा. आवाज मायक्रोफोनकडे दोन वाटांनी येतो. एक सरळ, दुसरी फरशीवर आपटून. दुसरी वाट सुमारे सतरा सेंटिमीटरने लांब. सेकंदाला हजाराच्या आसपास कंपने असलेल्या स्वराची लहर चौतीस सेंटिमीटरांची. तिची उशिरा आलेली जोडीदारीण नेमकी उलट्या पावली येते आणि दोघी एकमेकींना खोडून काढतात. पुढे तीन हजारांपाशी, मग पाच हजारांपाशी तेच. जणू कोणी आवाजातून कंगवा फिरवून मधले केस उपटावेत! मायक्रोफोन कर्ण्याच्या पाच सेंटिमीटर जवळ नेला तर हा उपद्रव जवळजवळ संपतो, कारण फरशीवरून येणाऱ्या लहरीला बारापट वाट चालावी लागते आणि ती क्षीण होऊन पोहोचते. यंत्र पाटावर किंवा खुर्चीवर उचलून ठेवले तर जमिनीने फुगविलेला खर्जही थोडा उतरतो. आमच्या तरुण मित्राला आम्ही एवढेच सांगितले.

आता खरा इतिहास. घरी गिटार मुद्रित करणाऱ्यांचा आद्य पुरुष म्हणून लेस पॉल यांचे नाव घ्यावे लागेल. हॉलिवूडच्या घरातील मोटारीच्या गॅरेजमध्ये त्यांनी मुद्रणाचा संसार थाटला आणि एकावर एक गिटारी चढवून 1948 साली ‘लव्हर’ ही तबकडी बाजारात आणली. पुढे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील बिऱ्हाडात पत्नी मेरी फोर्ड यांच्यासह ‘हाउ हाय द मून’ मुद्रित केले. 1951 साली ते नऊ आठवडे अमेरिकेच्या यादीत अग्रस्थानी होते. खोलीचे दोष त्यांनी कसे घालविले? खोलीलाच वगळून! गिटारची वायर थेट मुद्रणयंत्रणेला जोडावयाची, आणि गायिकेने मायक्रोफोनला ओठ लागतील इतक्या जवळून गावयाचे. फरशीला बोलावयाची संधीच ठेवली नाही. युक्ती बुद्धिमान होती, यात शंका नाही; पण त्या तबकड्या ऐकताना वादक कुठे बसला आहे, हे कानाला कधीच कळत नाही. तो जणू अधांतरी वाजवितो.

याच्या अगदी उलट उदाहरण 1967 सालचे आहे, आणि आमच्या मते अधिक मोलाचे. न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळ वेस्ट सॉगर्टीज येथे गुलाबी रंगाचे एक साधे घर होते. त्याला ‘बिग पिंक’ म्हणत. बॉब डिलन यांचे साथीदार, जे पुढे ‘द बँड’ म्हणून गाजले, त्यांच्यापैकी काहीजण ते भाड्याने घेऊन राहात. तळघरात गार्थ हडसन यांनी टेपरेकॉर्डर मांडला. जागा कशी? खाली सिमेंटची जमीन, भोवती सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती आणि घर तापविण्याची मोठी लोखंडी भट्टी. गिटारवादक रॉबी रॉबर्टसन यांनी पुढे सांगितले आहे की, एका जाणकाराला ही जागा दाखविली तेव्हा मुद्रणाला जे जे वर्ज्य ते सारे इथे एकत्र आहे, असाच त्याचा अभिप्राय पडला. शास्त्राच्या दृष्टीने तो चुकला नव्हता. सॅबिन असते तर तेही हेच म्हणाले असते.

पण पुढे काय घडले पाहा. हीच मंडळी आदल्या वर्षी डिलन यांच्याबरोबर इंग्लंडात गेली होती. विजेच्या गिटारींचा असा दणदणाट की श्रोत्यांनी हुर्यो उडविली. तोच दणदणाट या तळघरात केला असता तर सिमेंटने तो दामदुपटीने परत केला असता आणि कोणाला काही ऐकू आले नसते. म्हणून सारे जवळ जवळ, एकमेकांकडे तोंड करून बसले आणि अॅम्प्लिफायर खाली उतरविले. नियम एकच: गाणाऱ्याचे शब्द ऐकू येत नसतील तर आपण फार मोठ्याने वाजवितो आहोत. श्रोतेहो, हा नियम कोणा गुरूने घालून दिलेला नाही, तो जमिनीने घालून दिला. आमच्याकडे बैठकीतील तबलजी गायकाच्या तोंडाकडे पाहून हात आवरतो, ते शिस्तीने; इथे ती शिस्त खडबडीत सिमेंटने लावली.

याचा परिणाम तळघरापुरता राहिला नाही. 1968 च्या आरंभी ‘म्यूझिक फ्रॉम बिग पिंक’ या तबकडीसाठी मंडळी न्यूयॉर्कच्या सुसज्ज स्टुडिओत गेली. तिथल्या रीतीप्रमाणे एकाचा आवाज दुसऱ्याच्या मायक्रोफोनात शिरू नये म्हणून वादकांमध्ये आडपडदे उभे केलेले. त्यांना वाजविताच येईना. अखेर आडपडदे दूर सारून, तळघरातल्यासारखे गोलाकार बसून त्यांनी मुद्रण केले. ज्या जागेला तज्ज्ञाने नाकारले, तिची बैठक तज्ज्ञांच्या घरात जाऊन बसली! ती तबकडी ऐकून इंग्लंडातील एरिक क्लॅप्टन यांना आपल्या ‘क्रीम’ या चमूच्या गदारोळाचा वीट आला, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. तो चमू त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मोडला.

तळघरातील फिती 1975 साली काही अंशी आणि 2014 साली जवळजवळ पूर्ण प्रसिद्ध झाल्या. त्या सदोष आहेत. कुठे आवाज फाटतो, कुठे गिटार दूर जाते. परंतु वादक एका खोलीत आहेत आणि एकमेकांचे ऐकत आहेत, हे पहिल्या मिनिटात कळते. डिलन यांनी 1969 साली एका मुलाखतीत सांगितले की, मुद्रण करावे ते असेच. शांतपणे, कोणाच्या तरी तळघरात, खिडक्या उघड्या टाकून, आणि जमिनीवर कुत्रा निजलेला असताना. यातली उघडी खिडकी सॅबिन यांच्या कोष्टकात सापडते. कुत्रा किती आवाज पितो, याचा आकडा मात्र त्यात नाही.