नायगावचं आजारपण

मागच्या पावसाळ्यात मला टायफॉईड झाला. तीन आठवडे शाळा बुडाली. माझे वर्ग शेजारच्या वर्गावरच्या बाई सांभाळत होत्या आणि मी अंथरुणातून त्यांना मेसेज पाठवत होते, "उद्या येते", "परवा नक्की येते." अम्मी एकदा वैतागली. म्हणाली, "आजारी माणसाला रोजासुद्धा नंतर ठेवायची सवलत आहे. तुझी शाळा रोज्यापेक्षा मोठी आहे का गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उशाशी मा. गो. माळींनी संपादित केलेलं सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय होतं. त्यातलं एक पत्र मी पूर्वीही वाचलं होतं, पण आजारी असताना वाचलं नव्हतं.

पत्रावर तारीख आहे १० ऑक्टोबर १८५६. नायगावहून, म्हणजे माहेराहून, जोतीरावांना लिहिलेलं. सावित्रीबाई तेव्हा २५ वर्षांच्या. भिडेवाड्यातली शाळा १८४८ची. पुढे १८५१-५२ मध्ये चिपळूणकर वाडा, रास्ता पेठ, वेताळ पेठ अशा शाळा वाढल्या. रस्त्यात शेण आणि शिव्या झेलत वर्गावर जायचं, हे वर्षानुवर्षं. अशी बाई आजारी पडते आणि सगळं पुण्यात ठेवून माहेरी जाऊन राहते.

त्या लिहितात की भावाने खूप सेवा केली, आता तब्येत सुधारते आहे, पूर्ण बरं वाटलं की पुण्याला येईन, काळजी करू नये. 'पूर्ण बरं वाटलं की' यावर मी थांबले. 'उद्या येते' असं त्यांनी लिहिलेलं नाही. आणि लगेच पुढे फातिमाचा विषय. आपण नसल्यामुळे तिच्यावर भार पडत असणार, पण ती तक्रार करणाऱ्यातली नाही, अशा अर्थाचं.

गंमत म्हणजे हाच सेवा करणारा भाऊ त्यांच्याशी वादही घालतो. तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी काम करता म्हणून वाळीत पडलात, असं सुनावतो. सावित्रीबाई त्याला तिथेच खडसावतात. विश्रांती घेतली म्हणून विचारांनाही सुट्टी दिली नव्हती!

आता फातिमाकडे येते, कारण आपल्या घरांतून हे नाव मोठ्या अभिमानाने घेतलं जातं. १८४९ मध्ये जोतीरावांना वडिलांचं घर सोडावं लागलं, तेव्हा गंज पेठेतल्या उस्मान शेख यांनी आसरा दिला आणि फातिमा त्यांची बहीण, असं आपण ऐकत आलो. जानेवारी २०२५ मध्ये ही बाई मुळात काल्पनिकच, असा दावा झाला. बराच गदारोळ उडाला. त्या वेळी अभ्यासकांनी पुढे ठेवलं ते नायगावचं हेच पत्र. त्यात आडनाव नाही, वर्णन नाही, कौतुकाची भाषणं नाहीत. एका शिक्षिकेने दुसरीचं काम अंगावर घेतलं, एवढीच नोंद.

म्हणजे पाहा, सावित्रीबाई आजारी पडल्या नसत्या, किंवा ताप अंगावर काढत पुण्यातच राबत राहिल्या असत्या, तर हे पत्र लिहिण्याची वेळच आली नसती. रोज भेटणाऱ्या मैत्रिणीबद्दल कोण पत्रात लिहितं? फातिमा कागदावर आली ती सावित्रीबाईंनी स्वतःला दिलेल्या त्या सवडीमुळे.

आपल्याला सावित्रीबाईंचा शेवट पाठ असतो. १८९७चा प्लेग, मुंढव्याचा छोटा पांडुरंग गायकवाड, त्याला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यापर्यंतची ती धाव, आणि १० मार्चला त्याच रोगाने आलेला मृत्यू. पुतळे, भाषणं त्या सावित्रीबाईंची. पण त्या धावेच्या आधी चाळीस वर्षं नायगावात ही बाई अंथरुणावर पडून होती, भावाकडून सेवा करून घेत होती, आणि त्याची लाज वाटल्याचं पत्रात कुठेही दिसत नाही. मला मात्र तीन आठवड्यांची रजा गुन्ह्यासारखी वाटत होती.

मी त्या संध्याकाळी बाईंना नीट मेसेज लिहिला. अजून दहा दिवस लागतील, तुम्हाला त्रास होतोय हे कळतंय मला.

त्यांचं उत्तर रात्री आलं. "सातवीचं भूमापन मलाच विसरायला झालं होतं. पोरींबरोबर परत शिकतेय. तुम्ही झोपा."

मी झोपले.