प्रवेशपरीक्षेची भाषा : मॅट्रिक ते सामाईक प्रवेशपरीक्षा

कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ च्या मे महिन्यात खुला झाला आणि पुढच्याच वर्षी, १८ जुलै १८५७ रोजी, मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. अंबरनाथ, बदलापूर आणि वांगणी ही आजची उपनगरी स्थानके याच मार्गावर येतात. आगगाडी या खोऱ्यात विद्यापीठाच्या आधी पोहोचली. महाविद्यालय येण्यास मात्र शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. दरम्यानच्या काळात येथील मुलाचा विद्यापीठाशी संबंध येई तो एकाच दारातून, आणि ते दार म्हणजे प्रवेशपरीक्षा.

या दाराचा इतिहास सामान्यतः परीक्षार्थींच्या व उत्तीर्णांच्या आकड्यांतून सांगितला जातो. प्रस्तुत निबंधात तो भाषेच्या अंगाने तपासावयाचा आहे. परीक्षा कोणत्या भाषेत घेतली जाते, कोणत्या भाषांचे ज्ञान गुणांस पात्र ठरते आणि दोन भाषांतील पाठांत भेद पडल्यास कोणता पाठ प्रमाण मानला जातो, हे ते तीन प्रश्न होत. एकच प्रश्नपत्रिका सर्वांपुढे ठेवली म्हणजे सर्वांस एकच माप लावले, असे गृहीत धरण्यात येते. हे गृहीत गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत कितपत खरे ठरले, हे पाहणे अगत्याचे आहे.

१. परीक्षा घेणारे विद्यापीठ

१८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारली गेली. ही विद्यापीठे आरंभी शिकवीत नसत. ती परीक्षा घेत व पदव्या देत. त्यामुळे प्रवेशपरीक्षा हेच त्यांचे जनतेस दिसणारे पहिले रूप होते. मुंबईची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. सव्वाशेहून अधिक विद्यार्थी तीस बसले आणि त्यांतील जेमतेम विसाच्या आसपास उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक यांच्यासह हे दोघे १८६२ साली विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले.

इंग्रजी हा परीक्षेचा विषय होता आणि इतर विषयांचे माध्यमही तीच होती. म्हणजे इतिहास वा भूमिती यांतील उत्तर चुकले, तर चूक विषयज्ञानाची की भाषेची, हे परीक्षकास वेगळे करता येत नसे. परीक्षार्थींस हे पुरते ठाऊक होते. त्यांच्या तयारीचा मोठा भाग इंग्रजीवर खर्च होई. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी मुलांच्या अनेक पिढ्यांस इंग्रजी वाक्यरचना शिकविली, ती याच गरजेपोटी. त्या पुस्तकाची पद्धती लक्षात घेण्याजोगी आहे. मराठी वाक्य घ्यावे, त्याचे इंग्रजी करावे, पुन्हा उलट जावे. परीक्षेची तयारी म्हणजे भाषांतराचा सराव, हे समीकरण येथे रूढ झाले.

२. ‘दुसरी भाषा’ आणि तिचे राजकारण

आरंभीच्या नियमांत देशी भाषांस स्थान होते. १८६० च्या दशकात मात्र वरच्या परीक्षांतून त्या वगळण्यात आल्या आणि संस्कृत, फारसी, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांस महत्त्व आले. महाविद्यालयात पुढे जी भाषा चालणार, तीच प्रवेशपरीक्षेस घेणे शहाणपणाचे, हा हिशेब शाळांनी व पालकांनी सहज केला. मराठी मुलाची मराठी अशा रीतीने परीक्षेच्या दृष्टीने अडगळीत पडली. रानड्यांनी शतकाच्या अखेरीस देशी भाषांचा पक्ष विद्यापीठात पुन्हा नेटाने मांडला. त्याचे फळ त्यांच्या अखेरच्या दिवसांत, तेही एम. ए. च्या परीक्षेपुरतेच, पदरी पडले. प्रवेशाच्या दाराशी झालेला अन्याय शिखरावर दुरुस्त करण्याचा हा प्रकार होता.

अभिजात भाषा सर्वांस सारखीच उपलब्ध होती, असेही नाही. भीमराव रामजी आंबेडकर १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक उत्तीर्ण झाले. शाळेत त्यांस संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेल्याने त्यांस फारसी घ्यावी लागली. उत्तीर्ण झाल्यावर त्यांचा जाहीर सत्कार झाला. सी. के. बोले अध्यक्षस्थानी होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांस भेट दिले. या सत्कारावरून त्या परीक्षेचे सामाजिक वजन कळते. विद्यापीठाच्या नियमपुस्तिकेत संस्कृत आणि फारसी यांची किंमत सारखीच होती. परंतु यांतून निवड करण्याचे स्वातंत्र्य वर्गाच्या उंबरठ्यावरच संपले होते. प्रश्नपत्रिकेची समता तिच्या आधी घडलेल्या विषमतेस स्पर्श करू शकत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात या दाराची दुसरी बाजू दिसते. खाजगी रीतीने अभ्यास केलेल्यांस प्रवेशपरीक्षा खुली असण्याचे त्यांनी स्वागत केले आणि हीच सवलत वरच्या परीक्षांसही द्यावी, अशी मागणी केली. शाळा ज्यास दूर ठेवते, त्यास परीक्षा आत घेऊ शकते, ही फुल्यांची दृष्टी होती. प्रवेशपरीक्षेच्या बाजूने आजही जे युक्तिवाद केले जातात, त्यांतील सर्वांत सबळ युक्तिवाद हाच आहे.

माध्यमाच्या प्रश्नास थेट भिडण्याचे धाडस धोंडो केशव कर्वे यांनी केले. १९१६ साली स्थापन झालेल्या त्यांच्या महिला विद्यापीठाची स्वतःची प्रवेशपरीक्षा होती, शिक्षण मातृभाषेतून होते आणि इंग्रजी हा एक विषय होता. पदव्यांची नावेही ‘गृहीतागमा’ व ‘प्रदेयागमा’ अशी संस्कृतातून घडविली गेली. तथापि या विद्यापीठास कायद्याची मान्यता मिळण्यास स्वातंत्र्योत्तर काळ उजाडावा लागला. मातृभाषेतून परीक्षा घेणे शक्य होते. तिच्या प्रमाणपत्रास बाजारात किंमत मिळवून देणे कितीतरी अवघड होते.

३. सिंधमधून उल्हासनगरात

वांगणीपासून काही स्थानकांच्या अंतरावरील उल्हासनगर या इतिहासात एक अनपेक्षित दुवा जोडते. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता आणि तेथील शिक्षणसंस्था १९४७ साली सिंध विद्यापीठ स्थापन होईपर्यंत मुंबई विद्यापीठाशीच संलग्न होत्या. कराचीचा विद्यार्थी मॅट्रिकला बसे तो मुंबईच्याच परीक्षेस. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या निर्वासितांपैकी जे शिकलेले होते, त्यांच्याजवळील प्रमाणपत्र म्हणूनच येथे परके नव्हते. घर, जमीन, शेजार सारे सुटले. विद्यापीठ मात्र तेच राहिले.

भाषेचे तसे झाले नाही. सिंधीसाठी अरबी वळणाची प्रमाण लिपी इंग्रज सरकारने १८५३ च्या सुमारास ठरविली होती. भारतात आल्यावर ती ठेवावी की देवनागरी स्वीकारावी, हा वाद उभा राहिला आणि १९६७ साली सिंधीचा समावेश घटनेच्या आठव्या अनुसूचीत झाल्यानंतरही तो शमला नाही. ज्या समाजात आईची लिपी एक, मुलाची दुसरी आणि प्रश्नपत्रिकेची तिसरी, त्या समाजाने महाविद्यालयीन शिक्षणासाठी इंग्रजीचा आश्रय घ्यावा, यात नवल नाही. उल्हासनगरात १९६५ साली चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय सुरू झाले आणि या पट्ट्यातील मराठी व सिंधी विद्यार्थी एका वर्गात आले. त्यांची सामाईक भाषा तिथे इंग्रजी होती.

४. शालान्त परीक्षेकडून सामाईक परीक्षेकडे

१९४८ च्या कायद्याने विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन शालान्त परीक्षा मंडळाची एस. एस. सी. आली. शाळा संपविणे आणि महाविद्यालयात जाणे ही दोन्ही कामे आता एकाच परीक्षेकडे सोपविली गेली आणि ती मराठीतून देता येऊ लागली. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले व शास्त्रीय परिभाषा घडविण्याच्या कार्यास वेग आला. त्वरण, संवेग, विकर अशा संज्ञा शालेय पुस्तकांत रुळल्या.

पुढे दहावी-बारावीचा आकृतिबंध आला, निरनिराळ्या मंडळांच्या गुणांची तुलना अशक्य होऊ लागली आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी स्वतंत्र परीक्षेची गरज भासली. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशासाठी १९९९ पासून व अभियांत्रिकीसाठी २००४ पासून राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा घेतली जाऊ लागली. २०१४ व २०१५ या दोन वर्षी अभियांत्रिकीसाठी केंद्राची जेईई मुख्य परीक्षा ग्राह्य धरण्यात आली. २०१६ साली राज्य पुन्हा स्वतःच्या परीक्षेकडे वळले. वैद्यकीय प्रवेश मात्र पुढे ‘नीट’कडे गेला.

या तिन्ही परीक्षांची २०२५ मधील रचना शेजारी शेजारी ठेवली असता त्यांचे स्वभाव भिन्न दिसतात. ‘नीट’ कागदावर होते: १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तरास ४ आणि चुकीच्या उत्तरास १ वजा. जेईई मुख्य संगणकावर होते: ७५ प्रश्न, ३०० गुण, तेथेही चुकीबद्दल दंड आहे. राज्याची सीईटी संगणकावरच होते: २०० गुण, गणिताच्या प्रत्येक प्रश्नास २ गुण, अकरावीच्या अभ्यासक्रमास सुमारे २० टक्के वाव, आणि चुकीच्या उत्तरास दंड नाही. साहजिकच तयारीही भिन्न होते. पहिल्या दोन परीक्षांत कोणता प्रश्न सोडून द्यावा, हे शिकावे लागते. तिसरीत एकही प्रश्न कोरा न ठेवता वेग कसा राखावा, हे. एकाच वर्षी तिन्हींस बसणाऱ्या विद्यार्थ्यास परस्परविरोधी सवयी अंगी बाणवाव्या लागतात.

५. प्रमाण पाठ कोणता?

भाषेच्या बाजूने वरवर पाहता मोठी प्रगती झाली आहे. ‘नीट’ २०१७ साली मराठीसह १० भाषांत झाली आणि २०२१ पासून ही संख्या १३ झाली. जेईई मुख्य परीक्षाही २०२१ पासून १३ भाषांत होते. राज्याच्या सीईटीत भौतिक, रसायन व जीवशास्त्र यांसाठी मराठी व उर्दूचा पर्याय देण्यात आला, परंतु गणिताची प्रश्नपत्रिका अनेक वर्षे केवळ इंग्रजीतच राहिली.

तथापि केंद्रीय परीक्षांच्या माहितीपुस्तिकांत एक नियम असतो: भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानला जाईल. या नियमाचा अर्थ २०१८ साली तमिळ प्रश्नपत्रिकेच्या वादात उघड झाला. त्या वर्षीच्या ‘नीट’मधील ४९ प्रश्नांच्या भाषांतरात चुका असल्याचे धरून मद्रास उच्च न्यायालयाने तमिळ माध्यमाच्या परीक्षार्थींस प्रत्येकी १९६ गुण देण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो आधी स्थगित व त्याच वर्षी नोव्हेंबरात रद्द केला. सरसकट वाढीव गुण देणे न्याय्य नव्हते, हे मान्य करावे लागेल. पण ज्याने प्रश्न तमिळमधून वाचला, त्याच्या मापात फरक पडला होता, हेही तितकेच खरे. ज्या दोन पाठांपैकी एकच प्रमाण आहे, ते दोन पाठ समान नव्हेत. त्यांतील एक मूळ आहे आणि दुसरा त्याची छाया.

मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत याहून खोल अडचण आहे. दहावीपर्यंत तो मराठीतून शिकतो; अकरावी-बारावीचे विज्ञान बहुतांशी इंग्रजीतून चालते. दोन वर्षे ज्या संज्ञा इंग्रजीतून गिरविल्या, त्यांचे मराठी रूप ऐन परीक्षेत पुढे आले, तर मातृभाषाच परकी वाटते. म्हणून मराठीचा पर्याय असूनही पुष्कळ विद्यार्थी तो घेत नाहीत. बदलापूर-वांगणीच्या पट्ट्यातील शाळांत सेमी-इंग्रजी वर्ग वाढले आहेत, त्यामागे पालकांचा हाच हिशेब आहे. १८६० च्या दशकातील हिशेबाशी त्याचे साम्य लपत नाही. पुढे जी भाषा चालणार, तीच आधीपासून घ्यावी, असा तो हिशेब.

६. ऐकलेली प्रश्नपत्रिका

वांगणी परिसरात दृष्टिहीन कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांतील अनेक जण उपनगरी गाड्यांत किरकोळ वस्तू विकून संसार चालवितात. भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ १९५१ साली निश्चित झाली आणि शालेय शिक्षणास तिचा मोठा आधार मिळाला. प्रवेशपरीक्षेत मात्र दृष्टिहीन परीक्षार्थी सहसा लेखनिकाच्या साहाय्याने बसतो. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार त्यास तासामागे किमान २० मिनिटे अधिक मिळतात. त्या सूचनांनुसार स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावे लागे.

हा नियम प्रामाणिकपणासाठी आवश्यक आहे; परंतु त्याचा भाषिक परिणाम दुर्लक्षून चालणार नाही. अशा परीक्षार्थीसाठी लेखी परीक्षा ऐकण्याची परीक्षा बनते. प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचतो तो दुसऱ्याच्या उच्चारातून, दुसऱ्याच्या विरामांतून. विधीच्या प्रवेशपरीक्षेतील लांब परिच्छेद वाचताना लेखनिकाने ‘न’ किंवा ‘वगळता’ हा एक शब्द गिळला, तर परीक्षार्थीच्या ज्ञानाचा काही उपयोग उरत नाही. दोन भाषांतील पाठभेदावर इंग्रजी पाठ अंतिम, हे नियमात लिहिलेले आहे. लेखनिकाच्या मुखातून निघालेल्या तिसऱ्या पाठाविषयी कोणताही निर्णय देता येत नाही, कारण तो कोठेही नोंदलेला नसतो.

यावर उपाय असाध्य नाहीत. प्रश्न आधीच ध्वनिमुद्रित करून तो पुन्हा पुन्हा ऐकण्याची सोय संगणकावरील परीक्षेत करता येईल. अकरावी-बारावीच्या प्रत्येक विषयाचा द्विभाषिक संज्ञाकोश वर्षारंभीच विद्यार्थ्याच्या हाती देता येईल. प्रश्नांचे मराठी पाठ भाषांतरकाराने मागाहून करण्याऐवजी विषयतज्ज्ञ व भाषातज्ज्ञ यांनी दोन्ही भाषांत एकत्र बसून रचता येतील. यांतील शेवटचे काम विद्यापीठांच्या भाषाविभागांचे आहे, आणि ते इतर कोणी करून देणार नाही.

१८५९ साली विद्यापीठाने एक प्रश्नपत्रिका छापली आणि सर्वांस तीच दिली. आजची परीक्षा १३ भाषांत छापली जाते आणि संगणकाच्या पडद्यावर दिसते. दरम्यान दाराची रुंदी निःसंशय वाढली. परंतु वांगणीचा एखादा परीक्षार्थी जेव्हा लेखनिकास प्रश्न पुन्हा एकदा, सावकाश, वाचावयास सांगतो आणि घड्याळ पुढे सरकत राहते, तेव्हा मापाचा मूळ प्रश्न जसाच्या तसा समोर उभा असतो: जे मोजले जात आहे, ते ज्ञान की त्या ज्ञानापर्यंत पोहोचविणारी वाट? त्याचे उत्तर देण्यापूर्वी प्रश्न नीट ऐकू गेला पाहिजे.