हिंडेनबर्गचा आवाज

जळत कोसळणारे अवाढव्य हवाई जहाज आणि त्यावर एका निवेदकाचा चिरका, रडवेला आवाज. हिंडेनबर्ग म्हटले की हेच आठवते. चित्र आणि आवाज एकाच क्षणी थेट जगापुढे आले, अशी माझीही अनेक वर्षे समजूत होती.

६ मे १९३७. स्थळ न्यू जर्सीतील लेकहर्स्ट. शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्राचे निवेदक हर्बर्ट मॉरिसन आणि ध्वनितंत्रज्ञ चार्ल्स नेल्सन जहाजाच्या आगमनाचे ध्वनिमुद्रण करत होते. थेट प्रक्षेपण नव्हतेच. आवाज तबकडीवर कोरला जात होता. स्फोटाच्या धक्क्याने कोरणारी सुई तबकडीत रुतली, ती नेल्सननी उचलून पुन्हा ठेवली. श्रोत्यांनी हे ऐकले ते दुसऱ्या दिवशी. एरवी मुद्रित कार्यक्रम टाळणाऱ्या एनबीसीनेही तेव्हा आपला नियम बाजूला ठेवला. वृत्तपटांच्या छायाचित्रकारांनी टिपलेली दृश्ये वेगळी होती. त्यांना मॉरिसनचा आवाज जोडला गेला तो पुढे.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी. मुद्रण होताना यंत्र किंचित मंद फिरत होते. अशी तबकडी नेहमीच्या गतीने वाजवली की बोलणे जलद होते, पट्टी चढते. रेडिओ-इतिहासकार मायकेल बील यांनी ही चूक दाखवून दिली. मॉरिसनचा मूळ आवाज चांगला भरदार होता. ज्या चिरकेपणाला आपण अस्सलपणाचा पुरावा मानले, त्यात यंत्राचाही वाटा होता. आणि एका संयत निवेदकावर उन्मादाचा शिक्का बसला. गती दुरुस्त करून ऐकले तरी त्यांचा कंठ दाटतोच. दुःख खरेच आहे, फक्त माणूस वेगळा भेटतो. इथे ध्वनीत केलेला बदलच सत्याच्या जवळ नेतो.

खरी मोडतोड होते ती कात्रीने. जहाजावरच्या ९७ जणांपैकी ६२ वाचले. मृत ३६, त्यांत जमिनीवरचा एक कर्मचारी. कोणीच वाचले नसेल, असे मॉरिसनना आधी वाटले. पण नंतर त्याच मुद्रणात त्यांनी वाचलेल्यांना बोलते केले. आपण मात्र आक्रोशापाशीच ध्वनिफीत कापतो.

आकाशवाणीच्या भाषेत ज्याला रूपक म्हणतात, ते रचणाऱ्याला आवाज कापावे-जोडावे लागणारच. त्यात पाप नाही. पण आपल्या कात्रीमुळे वाचलेली माणसे पुन्हा मरत नाहीत ना, एवढे त्याने पाहिले पाहिजे.