मारधाडपटाचा रसिक : सराफ्यातील एका वादपरंपरेचा विचार

मराठी माणसाच्या चित्रपटप्रेमाचा जो इतिहास आजवर लिहिला गेला, तो बहुतांशी ‘प्रभात’च्या तुतारीपाशी येऊन स्थिरावतो. संतपट, पौराणिक पट, सामाजिक पट यांची चर्चा आपण पुरेपूर केली, आणि ते योग्यच झाले. परंतु पडद्याच्या अगदी पुढ्यात बसणारा, नायकाने उडी घेताच शीळ घालणारा आणि खेळ सुटल्यावर त्याच उडीची मध्यरात्रीपर्यंत चिकित्सा करणारा जो प्रेक्षक, त्याच्या आवडीनिवडीला या इतिहासात जागा मिळाली नाही. तो जे चित्रपट पाही ते मारधाडपट किंवा स्टंटपट म्हणून हिणवले गेले. आणि त्यांविषयी तो जे बोले, ते कोणी टिपूनही ठेवले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हे बोलणे आहे. हाँगकाँगचे जे कुंग-फूपट १९७० नंतर जगभर पसरले, त्यांविषयी इंदुरातील मराठी रसिक जी मते देत आले, त्या मतांची मुळे कोठवर जातात हे येथे पाहावयाचे आहे.

इंदूरबाहेरील वाचकांसाठी सराफ्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. होळकरांच्या राजवाड्याला लागून असलेला हा बाजार दिवसा सोन्याचांदीचा. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, मावाबाटी आणि हिवाळ्यात गराडू यांच्या कढया चढतात, व मध्यरात्र उलटून जाईपर्यंत गर्दी हटत नाही. दहीबड्याचा दोना हवेत उंच भिरकावून एक थेंबही न सांडता झेलण्याची कसरत पाहावयास लोक येथे खाण्याइतक्याच हौसेने येतात. चित्रपटाचा शेवटचा खेळ पाहून निघालेल्या मंडळींस घरी जाण्यापूर्वी थांबण्यास याहून सोयीची जागा शहरात नव्हती. सबब जे वाद एरवी घरोघरच्या ओसरीवर विरून गेले असते, ते येथे दहाजणांसमोर होत आणि दुसऱ्या रात्री पुढे चालू राहत.

या वादांची भाषा ऐकणाऱ्याच्या प्रथम लक्षात येते ती एक गोष्ट. ब्रूस लीच्या हालचालींविषयी बोलताना ही मंडळी चिनी किंवा इंग्रजी संज्ञा वापरीत नसत. त्याने ‘पवित्रा’ कसा घेतला, ‘पेच’ कोठे सोडवला, प्रतिस्पर्ध्याचा ‘डाव’ त्याच्यावरच कसा उलटवला, कोणाची लाथ ‘भरीव’ आणि कोणाची ‘पोकळ’, अशा शब्दांत निवाडा होई. हे सारे शब्द आखाड्यातले आहेत. इंदूर हे आखाड्यांचे गाव आहे. होळकरांनी मल्लांस आश्रय दिला आणि पुढे गिरणीकामगारांच्या वस्त्यांतून व्यायामशाळा उभ्या राहिल्या. अनंतचतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्यांबरोबर हे आखाडे लाठी, बनेटी, तलवार, दांडपट्टा खेळत मिरवणुकीने राजवाड्यावरून जातात. हुकुमचंद गिरणी १९९१ मध्ये बंद पडली, इतरही पडल्या, तरी ती मिरवणूक थांबली नाही. लहानपणापासून दरवर्षी ही खरी फेक डोळ्यांसमोर पाहिलेल्या माणसास पडद्यावरची फेक सहजासहजी फसवू शकत नसे.

मराठीत ‘तालीम’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : जेथे कुस्ती शिकतात ती जागा, आणि नाटकाचा प्रयोगापूर्वीचा सराव. दोन अर्थ एका शब्दात कसे नांदले याचे नवल वाटण्याचे कारण नाही. दोहोंतही देहाला वळण लावावयाचे असते. हाँगकाँगच्या चित्रपटांचा इतिहास पाहिला म्हणजे हा शब्द तिकडेही चालला असता असे वाटू लागते. जॅकी चॅन, सॅमो हुंग ही मंडळी लहानपणी यू जिम-युएन या गुरूच्या पेकिंग ऑपेराच्या शाळेत राहिली. तेथे गाणे, कोलांट्या, शस्त्रांचे हात आणि छडीचा मार हे सारे एकाच छपराखाली मिळे. ‘द बिग बॉस’ (१९७१) मध्ये ब्रूस लीसमोर खलनायक म्हणून उभा राहिलेला आणि त्याच चित्रपटाच्या मारामाऱ्या बसवणारा हान यिंग-च्ये हाही त्याच रंगभूमीवरून आला होता. खुद्द ब्रूस ली १९५८ मध्ये हाँगकाँगचा चा-चा नृत्याचा विजेता होता, आणि इप मान यांच्याकडे विंग चुन शिकला तोही त्याच सुमाराच्या वर्षांत.

हे नाचणाऱ्या लढवय्याचे रूप मराठी प्रेक्षकास अपरिचित नव्हते. अमरावतीस १९१३ मध्ये जन्मलेले भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा, यांनी ‘अलबेला’ (१९५१) पूर्वी कितीतरी कमी खर्चाचे स्टंटपट काढले. आज लोकांस त्यांचा नाच आठवतो. मारामारी विस्मृतीत गेली.

त्याही मागे जावयाचे तर मास्टर विठ्ठलपाशी थांबावे लागते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत या गृहस्थाची उमेदवारी झाली, आणि मुंबईच्या शारदा कंपनीत तो तलवारबाज नायक म्हणून देशभर गाजला. लोक त्यास भारताचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. शारदा सोडून तो सागर कंपनीकडे गेला तेव्हा करारभंगाचा खटला झाला, आणि त्याचे वकीलपत्र बॅरिस्टर जिनांनी घेतले, यावरून त्याच्या बाजारभावाची कल्पना यावी. पहिल्या बोलपटाचा, ‘आलम आरा’चा (१९३१), नायकही तोच. परंतु बोलण्यात तो कच्चा पडला. आमच्या समीक्षेने त्याची हीच एक गोष्ट लक्षात ठेवली. जे अंगाने बोले ते तिच्या लेखी मुके होते.

१९३५ हे वर्ष या संदर्भात मला मोठे बोलके वाटते. त्या वर्षी इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्ष होते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचा प्रसार हे या राजाच्या आयुष्याचे व्रत होते. व्यायाम आणि वाङ्मय यांची सांगड आपल्या थोरांस अमान्य नव्हती, असा याचा अर्थ. त्याच वर्षी मुंबईत वाडिया बंधूंच्या ‘हंटरवाली’ने पडदा गाजवला. पर्थ येथे जन्मलेली मेरी इव्हान्स ऊर्फ नादिया हातात आसूड घेऊन छतांवरून धावली, धावत्या गाडीवर झुंजली, आणि ही कामे तिने बदली माणसाशिवाय स्वतः केली. तिच्या जोडीचा जॉन कावस शरीरसौष्ठवाच्या क्षेत्रातून आला होता. सराफ्यातील जुन्या मंडळींत ब्रूस लीची स्तुती फार वाढली की कोणी तरी वडिलांकडून ऐकलेली नादिया मध्ये आणीच. आणि मग ‘पन्नास माणसांस एकट्याने लोळवणे’ ही कल्पना मूळची कोणाची, यावर खडाजंगी होई.

बदली माणसाचा मुद्दा निघाला की ललिता पवारांचे उदाहरण ठरलेले. त्यांचे नाव घेतले की पुढच्या पिढ्यांस खाष्ट सासू आठवते, किंवा १९८७ च्या ‘रामायण’ मालिकेतील मंथरा. परंतु त्या मूकपटांच्या काळात स्टंटपटांच्या नायिका होत्या. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात १९४२ मध्ये भगवानदादांनी मारावयाची चपराक जोरात लागली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आणि डावा डोळा कायमचा अधू झाला. ‘खरी मारामारी पाहिजे’ असा आग्रह धरणाऱ्या तरुणांस ही हकीकत सांगितली जाई, आणि ते थोडा वेळ गप्प बसत. तालमीत समोरच्यास न दुखवता डाव दाखवणे ही वरची पायरी मानतात. पडद्यावरही मोजमाप हेच असावे, असे मला वाटते.

हे पारखण्याच्या रसिकांच्या खुणा ठरलेल्या होत्या, आणि त्या कोणत्याही चित्रपटविषयक ग्रंथात शोभण्याजोग्या आहेत. पहिली खूण पायांची : चौकटीत पाय दिसतात की नाहीत? पाय कापून छाती-चेहराच दाखवला तर पवित्रा लपवला, असे समजावे. दुसरी, तुकड्यांची : ठोसा एका तुकड्यात आणि तो लागलेला माणूस दुसऱ्या तुकड्यात असेल तर श्रेय कात्रीचे. तिसरी मोठी मार्मिक आहे. पडद्यावर सेकंदास २४ चौकटी सरकतात. कॅमेरा त्याहून संथ, समजा २० चौकटींनी, चालवला तर नट आहे त्याहून चपळ दिसतो. ही युक्ती हाँगकाँगने सर्रास वापरली. नटाकडे पाहून ती कळत नाही; उडालेली धूळ किंवा अंगरख्याचा घोळ पाहावा. धूळ वाजवीपेक्षा लवकर खाली बसली की चोरी पकडली गेली! पण रसिक एवढ्यावर चित्रपट मोडीत काढीत नसत. किंग हूने ‘अ टच ऑफ झेन’मध्ये याच कात्रीने अशी किमया केली की कान महोत्सवाने १९७५ मध्ये तंत्राबद्दल त्याचा गौरव केला. कात्रीने केलेला खोटेपणा आणि कात्रीने केलेले काव्य यांतला फरक ओट्यावर बसलेल्यांस कळत होता.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ब्रूस लीपेक्षा मी लाउ कार-ल्युंग या दिग्दर्शकाच्या बाजूचा. ब्रूस लीच्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’तील (१९७२) संतापाला तोड नाही, आणि २० जुलै १९७३ रोजी अवघ्या ३२ व्या वर्षी तो गेल्याने त्या संतापाभोवती एक वलय आले. ‘एंटर द ड्रॅगन’चे पडद्यावर येणे त्याने पाहिलेच नाही. परंतु लाउ कार-ल्युंगचा ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ (१९७८) पाहा. कथेचा मोठा भाग केवळ शिकण्याचा आहे. दंडांना सुरे बांधून, हात खाली येताच ते कुशीत रुततील अशा बेताने, पाण्याच्या बादल्या वाहणारा तो शिष्य पाहून आखाड्यातली माणसे ‘ही मेहनत’ म्हणून मान डोलावीत. एरवी दोन गाण्यांत नायक पहिलवान होण्याची आम्हांस सवय! या दिग्दर्शकाचा बाप लाम साई-विंगचा शिष्य, आणि लाम साई-विंग हा दक्षिण चीनचा विख्यात वस्ताद वाँग फेई-हुंग याचा शिष्य. म्हणजे गुरुपरंपरा अखंड. त्याच वाँग फेई-हुंगवर १९४९ पासून क्वान टाक-हिंगला घेऊन सत्तरांवर चित्रपट निघाले. त्यांतला नेहमीचा खलनायक शिह किएन हाच ‘एंटर द ड्रॅगन’मधील लोखंडी हाताचा हान. इतका जुना खलनायक आयता मिळाला तेथे नवा शोधण्याची गरज काय होती!

सराफ्यातील एका लाडक्या मताचा मात्र इतिहासाचा शिक्षक या नात्याने मला प्रतिवाद केला पाहिजे. ‘कुंग-फू मुळात आपलेच, बोधिधर्माने ते चीनला नेले,’ असे तेथे हटकून म्हटले जाते. शाओलिन मठ ४९५ मध्ये एका भारतीय भिक्षूसाठी बांधला गेला, हे खरे. पण तो बोधिधर्म नव्हे, चिनी लेखांत त्याचे नाव बातुओ असे येते. मठातील भिक्षू लढले याचा भक्कम पुरावा ७२८ च्या शिलालेखात मिळतो. ६२१ मधील युद्धात त्यांनी पुढे सम्राट झालेल्या ली शिमिनला साहाय्य केले, असे तो सांगतो. त्यात बोधिधर्माने युद्धविद्या शिकवल्याचा उल्लेख नाही. बोधिधर्माचे नाव व्यायामाशी जोडणारा ‘यीजिन जिंग’ हा ग्रंथ सतराव्या शतकातला, आणि कथा घरोघरी पोचली ती विसाव्या शतकाच्या आरंभी एका कादंबरीने. थांग हाओ या चिनी संशोधकाने १९३० च्या सुमारासच या दंतकथेचा पाया उखडला. दुसऱ्याच्या अंगणातले झाड आपले म्हणण्यापूर्वी आपल्या अंगणात काय वाढले ते पाहावे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांबास नवजीवन दिले. त्या मल्लखांबास मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये राज्यखेळ म्हणून मान्यता दिली. बडोद्याच्या मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठीत सिद्ध केला. अभिमानास एवढे पुरे आहे.

चीनशी आपले खरे साम्य दुसरेच आहे, आणि ते दुःखद आहे. १९२८ ते १९३१ या काळात शांघायमध्ये ‘लाल कमळ मंदिराचे दहन’ अशा अर्थाच्या नावाची अठरा भागांची चित्रमालिका निघाली. लोक वेडे झाले. सुशिक्षितांनी नाके मुरडली. अखेर सरकारने बंदी घातली, आणि आज तिची पूर्ण प्रत कोठेही नाही. ठीक त्याच वर्षांत मुंबई-पुण्याकडे आपले मूक स्टंटपट निघत होते. भारतात तेराशेंवर मूकपट झाले. त्यांतले जेमतेम तीस आज उरले आहेत, तेही पुष्कळसे खंडित. नशिबाने त्यांत पुण्याच्या अगरवाल कंपनीचा ग. प. पवारदिग्दर्शित ‘दिलेर जिगर’ (१९३१) आहे. मुखवटा चढवून तलवार चालवणारी त्यातील तरुणी म्हणजे ललिता पवार. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने तो जपला आहे. मास्टर विठ्ठलच्या मूक तलवारबाजीचे मात्र नावच काय ते उरले.

चित्रपट नष्ट झाला तर निदान पाहणाऱ्याचे मत उरावे. शांघाय काय, मुंबई काय, पुढच्या बाकावरच्या प्रेक्षकाचे मत कोणी लिहिले नाही. लिहिले ते नाके मुरडणारांनी. हाँगकाँगचे चित्रपट सुदैवाने शाबूत आहेत, जुन्या प्रती धुऊनपुसून पुन्हा दाखवल्या जात आहेत. परंतु त्यांविषयी मराठीत जे बोलले गेले ते सरत चालले आहे. माझ्या शाळेतील मुले हेच चित्रपट आता हातातल्या फोनवर पाहतात, आणि बारकाईने पाहतात. चौकटी मोजण्याचे काम तर फोन थांबवून ती आमच्यापेक्षा चोख करतात. मध्यंतरी नववीच्या वर्गात मी ‘पवित्रा’ या शब्दाचा अर्थ विचारला. अर्ध्या वर्गाने ‘पवित्र’चे स्त्रीलिंग म्हणून सांगितले. एका मुलाने मात्र उठून, न बोलता, डावा पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकवला. त्याचे आजोबा अनंतचतुर्दशीस बनेटी फिरवीत असत. त्या आजोबांकडे वही घेऊन जावयाचे मी ठरवले आहे. लाथेला ‘पोकळ’ कशावरून म्हणतात, हे प्रथम विचारावयाचे आहे.