मरणकाळची इच्छा आणि कायदा

मरण टळत नाही, हे मनुष्यास पूर्वापार ठाऊक आहे. ते लांबविता येते, ही जाणीव मात्र अलीकडची. १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे तिघा संशोधकांनी, छाती न उघडता केवळ हातांच्या दाबाने बंद पडलेले हृदय चालविण्याची रीत प्रसिद्ध केली. ज्याचा आजार हटणारच नाही त्याच्या छातीवर हा दाब द्यावा काय, हा प्रश्नही तिच्यामागोमाग आला.

भारतात त्याच जातीचा प्रश्न मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्या निमित्ताने न्यायालयापुढे आला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यानंतर त्यांचा मेंदू पूर्ववत झाला नाही. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अन्न थांबविण्याची विनंती नाकारली. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची इच्छा न्यायालयाने मानली. मात्र उच्च न्यायालयाच्या संमतीने कृत्रिम उपचार आवरते घेण्याची वाट त्याच निकालाने मोकळी झाली. १८ मे २०१५ रोजी त्या वारल्या. स्वतःची इच्छा सांगण्याची संधी त्यांस मिळालीच नाही.

ती संधी ९ मार्च २०१८ च्या निकालाने प्रत्येक सज्ञान नागरिकास दिली. जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी झाली. दोन साक्षीदारांसमक्ष केलेले इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे प्रमाणित करावयाचे व त्याची प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावयाची. पुढे रुग्णालयात डॉक्टरांची दोन मंडळे, प्रत्येकी शक्यतो ४८ तासांत, मत देतात.

आता भंडाऱ्याहून तुमसरकडे जाताना लागणारी मोहाडी डोळ्यांपुढे आणावी. अपरात्री एका वृद्धाचा श्वास अडखळतो. घरची माणसे १०८ क्रमांकावर गाडी बोलावितात. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. मंडळांपाशी तास असतात. गाडीतील डॉक्टरापाशी मिनिटे. इच्छापत्र कपाटात असते, आणि रडारडीत ते कोण शोधणार? शिवाय न्यायालयाने आखलेली रीत रुग्णालयासाठी आहे. दारात आलेल्या गाडीसाठी तीत निराळी तरतूद नाही. अशा वेळी डॉक्टर आधी प्राण वाचवू पाहतो, ह्यात त्याचा दोष नाही.

तेव्हा नुसते लिहून भागत नाही. ते मुलाबाळांस व नेहमीच्या डॉक्टरांस सांगावे लागते; गाडी केव्हा बोलवावी आणि केव्हा नुसते उशाशी बसावे, हेही आधीच ठरवावे लागते. अरुणा शानबाग ह्यांचे मौन एका हल्लेखोराने लादलेले होते. घरोघरी ह्या विषयावर पाळले जाणारे मौन मात्र मोडता येण्यासारखे आहे.